आत सातशे, बाहेर शून्य

शेल स्क्रिप्टमधला बग शोधणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. तो स्क्रीनकडे बघत नसतो, स्क्रीनच्या वीतभर वर भिंतीकडे बघत असतो. स्क्रिप्ट जेमतेम 10 ओळींची असते आणि दहाच्या दहा त्याला पाठ असतात. पहिल्या ओळीत मोजणीचं व्हेरिएबल शून्यावर आणलेलं. मग कॅट कमांडने फाइल वाचून ती पाइपमधून व्हाइल लूपमध्ये सोडलेली. लूप एकेक ओळ घेतं आणि मोजणी एकाने वाढवतं. शेवटी एको लावून आकडा छापायचा की घरी जायला मोकळे. फाइलमध्ये 700 ओळी आहेत आणि छापून येतं शून्य.

मग तो लूपच्या आत आणखी एक एको टाकतो. 1, 2, 3 करत आकडे 699, 700पर्यंत जातात. आत सगळं यथास्थित. लूपच्या बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा शून्य. मोजणीला हात लावणारी एकही ओळ मध्ये नाही. इथपर्यंत आलेले बहुतेक लोक तीच स्क्रिप्ट काहीही न बदलता पुन्हा एकदा चालवून बघतात. या खेपेला तिला दया येईल अशी आशा असावी.

बॅश या शेलचं म्हणणं असं, की तुम्ही पाइप टाकलात तेव्हाच विषय संपला. पाइप दिसला की बॅश त्याच्या दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळ्या प्रोसेस काढतं. व्हाइल लूप चाललं ते मूळ शेलमध्ये नाहीच, सबशेल नावाच्या त्याच्या प्रतिकृतीत. 700पर्यंत गेली ती प्रतिकृतीची मोजणी. फाइल संपली, प्रतिकृती संपली, तिच्याबरोबर तिचे 700ही गेले. मूळ शेलचं शून्य जागचं हललेलंच नव्हतं. उपाय एका चिन्हाचा आहे. कॅट आणि पाइप काढून टाकायचे, आणि लूपच्या शेवटी जे ‘डन’ असतं त्यापुढे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह देऊन फाइलचं नाव लिहायचं. लूप मूळ शेलमध्येच चालतं आणि 700 बाहेर दिसतात.

हीच स्क्रिप्ट डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलमध्ये मात्र मुळातच बरोबर चालते, कारण ते शेल पाइपमधला शेवटचा टप्पा स्वतःच्या घरात चालवतं. झेडशेलही तसंच वागतं. ॲपलने 2019 साली कॅटालिना या आवृत्तीपासून मॅकचं नेहमीचं शेल म्हणून बॅशऐवजी झेडशेल दिलं, आणि तेव्हापासून ऑफिसांमध्ये एक नवा संवाद ऐकू येऊ लागला. एक जण टर्मिनलमध्ये त्या ओळी चिकटवतो आणि म्हणतो, ‘‘अरे, माझ्याकडे 700 येतंय की.’’ दुसरा सर्व्हरवर त्याच ओळी चिकटवतो आणि शून्य दाखवतो. दोघं आपापल्या फाइली तपासतात, एकमेकांच्या तपासतात, आणि तिसऱ्याला बोलावतात. पॉझिक्स हे युनिक्सचं अधिकृत मानक उघडावं, तर तिथे दोन्ही वागणुकींना परवानगी आहे. निवाडा करायला बोलावलेल्या पंचानेच दोन्ही पक्ष बरोबर म्हणून सांगितल्यावर पुढे बोलणार काय?

बॅशनेही 2011मध्ये, 4.2 या आवृत्तीत, शेवटचा टप्पा घरात चालवण्याची सोय दिली. तिचं नाव लास्टपाइप. ती आपण होऊन चालू करावी लागते आणि जॉब कंट्रोल, म्हणजे चालू कामं थांबवण्याची आणि मागे-पुढे करण्याची यंत्रणा, बंद असेल तरच लागू पडते. टर्मिनलवर जॉब कंट्रोल चालू असतो. म्हणजे टर्मिनलवर करून पाहावं तर सोय नाही, स्क्रिप्टमध्ये टाकावं तर आहे. ‘करून बघ, मग लिही’ असं शिकवणाऱ्या सिनियरची यात पुरती पंचाईत होते.

या सगळ्याचं मूळ बॅशमध्ये नाही. ते बॅशच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे, आणि या बगने पहिल्यांदा ज्यांना छळलं ते खुद्द युनिक्सचे जन्मदाते होते. डेनिस रिची यांनी युनिक्सच्या जडणघडणीवर लिहिलेल्या एका निबंधात तो किस्सा येतो. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-7 यंत्रावर युनिक्स बाळसं धरत होतं. सुरुवातीला प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रोसेस असे. पुढे फोर्क आलं, म्हणजे एका प्रोसेसने स्वतःची प्रत काढून तिच्याकडून काम करून घ्यायची व्यवस्था. आणि ती येताच डिरेक्टरी बदलायची कमांड बंद पडली. एरर नाही, काही नाही. कमांड द्यावी, ती निमूट चालावी, आणि माणूस होता त्याच डिरेक्टरीत. मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचला, फोर्कने हे कसं काय मोडलं म्हणून डोकं खाजवलं. मग उजेड पडला. कमांड चोख काम करत होती. डिरेक्टरी बदलत होती ती कमांड चालवण्यासाठी जन्माला आलेल्या पोरसवदा प्रोसेसची. पोर लगेच मरत होतं आणि शेलला त्याची खबरही नव्हती. शेवटी ती कमांड शेलच्या पोटातच घ्यावी लागली. आजही ‘सीडी’ ही शेलची अंगभूत कमांड आहे ती यामुळेच. ज्यांनी ही यंत्रणा स्वतःच्या हातांनी घडवली त्यांनाही हे चटकन उमगलं नव्हतं, हे कळल्यावर नव्या प्रोग्रॅमरला बरंच हायसं वाटावं.

युनिक्समधले वारसा हक्क तेव्हापासून ठरलेले आहेत. वारसा फक्त वरून खाली जातो आणि तोही प्रतीच्या रूपात. बापाने एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल पोराला मिळतं, पण ती सातबाऱ्याची झेरॉक्स असते. पोराने तिच्यावर काय वाट्टेल ती खाडाखोड करावी, तलाठ्याच्या दप्तरातली नोंद जशीच्या तशी. एक्स्पोर्ट न केलेलं तर दुसऱ्या स्क्रिप्टपर्यंत पोचतही नाही. सबशेलचं पुन्हा वेगळं. ते फोर्कने निघालेली संपूर्ण प्रतिकृती असल्यामुळे त्याला एक्स्पोर्ट न केलेलंही सगळं दिसतं. परत मात्र काहीच करता येत नाही.

नव्या माणसाला याचा पहिला फटका बसतो तो प्रोजेक्टवर रुजू झाल्याच्या पहिल्या सकाळी. त्याला एक स्क्रिप्ट दिली जाते. ‘‘ही चालव म्हणजे पाथ, जावा होम, सगळं सेट होईल.’’ तो चालवतो. स्क्रिप्ट सगळं सेट झाल्याचा संदेश छापते आणि त्याच्या टर्मिनलमध्ये काहीही सेट झालेलं नसतं. सगळं झालं ते स्क्रिप्टच्या प्रोसेसमध्ये, आणि ती तर संदेश छापून वारली. स्क्रिप्ट नुसती चालवायची नव्हती, सोर्स करायची होती, म्हणजे नावाआधी एक टिंब आणि एक मोकळी जागा द्यायची होती. सूचनांच्या कागदावर ते टिंब असतंही, पण प्रिंटरच्या डागासारखं दिसतं. पुढे टिंबाची सवय झाल्यावर तो एक दिवस अशी स्क्रिप्ट सोर्स करतो जिच्या शेवटी एक्झिट लिहिलेलं आहे, आणि त्याचं अख्खं टर्मिनल बंद होतं. सोर्स केलेली स्क्रिप्ट त्याच्याच शेलमध्ये चालते, तेव्हा एक्झिटही त्याच्याच शेलला लागू होतं. तक्रारीला जागा नाही.

सबशेलमधून काहीच बाहेर येत नाही, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की माणूस फंक्शन लिहायला घेतो आणि तिथे सगळंच बाहेर येतं. शेलच्या फंक्शनमध्ये दिलेलं व्हेरिएबल, वेगळं काही सांगितलं नाही तर, साऱ्या स्क्रिप्टचं असतं. समजा बाहेर एक व्हाइल लूप आहे, ‘आय’ हे व्हेरिएबल 1पासून 10पर्यंत नेणारं. लूपमधून एका फंक्शनला बोलावलंय आणि त्या फंक्शनमध्ये कोणा दुसऱ्याने स्वतःचं लूप लिहिलंय, तेही ‘आय’चंच, 1 ते 3. फंक्शन संपतं तेव्हा आय 4 झालेला असतो. बाहेरचं लूप त्यात एक मिळवून 5 करतं, 5 हे 10पेक्षा लहान म्हणून पुन्हा फंक्शनला बोलावतं, ते आयला परत 4वर आणून ठेवतं. पुन्हा 5, पुन्हा 4. ही स्क्रिप्ट वीज जाईपर्यंत चालेल. आता आतल्या लूपची मर्यादा 3ऐवजी 20 करा. पहिल्याच फेरीत आय 21 होतो आणि बाहेरचं लूप 10 फेऱ्यांचं काम एका फेरीत उरकून मोकळं होतं. पहिला प्रकार निदान लक्षात तरी येतो. दुसऱ्यात स्क्रिप्ट वेगाने आणि बिनतक्रार संपते, आणि कोणीतरी तिचं कौतुकही करतं.

यावरचा उतारा म्हणजे ‘लोकल’ हा शब्द. व्हेरिएबलच्या आधी तो लावला की ते फंक्शनपुरतं राहतं. पण कुठपर्यंत फंक्शनपुरतं? सी किंवा पायथन शिकलेला माणूस म्हणेल, त्या फंक्शनच्या मजकुरापुरतं. बॅशमध्ये तसं नाही. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं तर पहिल्याचं लोकल व्हेरिएबल दुसऱ्याला दिसतं आणि त्याला ते बदलताही येतं. व्हेरिएबल कोणाचं हे फंक्शन कुठे लिहिलंय त्यावर ठरत नाही, त्याला कोणी बोलावलंय त्यावर ठरतं. म्हणून तेच फंक्शन सकाळी एकीकडून बोलावलं तर एक उत्तर देतं, दुपारी दुसरीकडून बोलावलं तर दुसरं. माणसांच्या बाबतीत हे आपण चालवून घेतो. प्रोग्रॅमकडून अपेक्षा जरा वेगळी असते.

मोकळ्या जागांचा जाच थोडक्यात सांगून टाकावा, कारण त्याने दुखावलेल्यांची संख्या मोठी आहे. व्हेरिएबलला किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. सोडली तर शेल व्हेरिएबलच्या नावालाच कमांड समजून शोधायला निघतं. अट तपासताना मात्र चौकटी कंसाच्या आत जागा सोडायलाच हवी, कारण तो कंस हा कंस नव्हेच. ती एक कमांड आहे. अनेक युनिक्स यंत्रांवर कमांडच्या डिरेक्टरीत उघडा चौकटी कंस या नावाची फाइल आजही बघायला मिळते. बंद होणारा कंस हा त्या कमांडला द्यायचा शेवटचा शब्द. तो दिला नाही तर ती रागावते.

रागावते हे बरं. शेलचा खरा दोष त्याचं रागावणं नाही, गप्प बसणं आहे. जे व्हेरिएबल कधी जन्मालाच आलं नाही त्याची किंमत विचारली, तर बाकीच्या बऱ्याच भाषा काम थांबवतात. शेल रिकामी जागा हातावर ठेवतं आणि पुढच्या ओळीकडे वळतं.

या सौजन्याची किंमत जानेवारी 2015मध्ये जगजाहीर झाली. व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे संगणकावरचे खेळ विकण्याचं आणि खेळण्याचं व्यासपीठ. त्याच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्टीमरूट’ नावाचं व्हेरिएबल होतं. आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे स्क्रिप्ट तिथे सीडी करून शोधायची आणि मिळालेला पत्ता त्यात ठेवायची. सीडी फसलं तर पत्ता रिकामा. पुढे एका ठिकाणी त्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाकण्याची ओळ होती: आरएम, मग स्टीमरूट, मग तिरकी रेघ, मग तारा. स्टीमरूट रिकामं असलं की उरते नुसती तिरकी रेघ आणि तारा, म्हणजे यंत्राच्या मुळापासून जे काही असेल ते सगळं. एका गृहस्थाने आपलं स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं होतं. त्याच्या मालकीच्या फाइली तर गेल्याच, बॅकअपसाठी जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही धुऊन निघाली. त्या ओळीच्या वर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्वतःच एक टिप्पणी लिहून ठेवली होती: ‘स्केअरी!’ म्हणजे आपण काय लिहितोय याची लेखकाला पुरती कल्पना होती. त्याने धोक्याची पाटी लावली आणि रस्ता तसाच चालू ठेवला.

इथे जाणकार दोन प्रश्न विचारतात. लिनक्समधलं आरएम मूळ डिरेक्टरी पुसायला नकार देतं ना? देतं. पण ताऱ्याचा विस्तार शेल आधीच करून टाकतं. आरएमच्या हातात पडते ती होम, मीडिया वगैरे नावांची यादी, आणि त्या यादीत मुळाचं नाव नसतं. दुसरा प्रश्न, न जन्मलेल्या व्हेरिएबलवर ओरडणारी ‘सेट उणे यू’ ही सूचना का नाही कामी येत? कारण स्टीमरूट जन्मलेलं होतं, फक्त रिकामं होतं. रिकामेपणावर उणे यू ओरडत नाही. व्हेरिएबलच्या महिरपी कंसात अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह टाकलं, तर रिकामं असल्यावर शेल तिथेच थांबतं. दोन चिन्हांचा विमा होता.

त्याआधी नोव्हेंबर 2001मध्ये ॲपलच्या आयट्यून्स 2च्या इन्स्टॉलरने काही लोकांच्या डिस्क अशाच रिकाम्या केल्या होत्या. तिथे व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं द्यायची राहिली होती आणि डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्यांचं नशीब फिरलं. ॲपलने घाईने तो मागे घेऊन 2.0.1 आणलं. 2011मध्ये लिनक्स लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्ड सांभाळणाऱ्या बंबलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉलरमध्ये तर व्हेरिएबलचाही दोष नव्हता. पत्त्यात ‘यूएसआर’नंतर एक जागा चुकून सुटली आणि अख्खी यूएसआर डिरेक्टरी गेली.

असे प्रकार ऐकून सावध झालेला माणूस स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट उणे ई’ लिहितो. अर्थ असा, की कोणतीही कमांड फसली तर तिथेच थांब. त्याला रात्री शांत झोप लागू लागते. मग साहेब म्हणतात, ‘‘बॅकअप फसला तर मला मेल यायला हवा.’’ रास्त मागणी. तो बॅकअप नावाच्या फंक्शनपुढे दोन उभ्या रेघा देऊन लिहितो: नाहीतर मेल पाठव. या क्षणी त्या फंक्शनच्या आत उणे ईचा अंमल संपतो. शेलचा हिशेब असा, की फसल्यावर काय करायचं हे तुम्हीच ठरवलंय, तर मी कशाला मध्ये पडू? आता फंक्शनमध्ये सीडी फसलं तरी पुढची, जुनी फाइल पुसणारी ओळ चालते, आणि ती चुकीच्या डिरेक्टरीत चालते. शेवटची कमांड यशस्वी झाली तर साहेबांना मेलही जात नाही. सुरक्षेत भर घालताना सुरक्षा बंद पडते, हे कोणत्याही ऑफिसात मीटिंगमध्ये समजावून सांगून पाहावं.

लोकलचीही याला साथ आहे. लोकल लिहून त्याच ओळीत एखाद्या कमांडचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलं, आणि ती कमांड फसली, तरी ओळ यशस्वी धरली जाते. कारण यश मोजलं जातं ते लोकलचं, आणि लोकल सहसा फसत नाही.

बग शोधायची खरी साधनं आहेत. बॅशला ‘उणे एक्स’ देऊन चालवलं, तर प्रत्येक ओळ व्हेरिएबलांच्या जागी खऱ्या किमती भरून छापली जाते आणि रिकामी जागा उघडी पडते. पण माणसाचा जीव एकोवर. जिथे संशय तिथे एक एको. सुरुवातीला त्यांत व्हेरिएबलांची नावं असतात. रात्रीचे दोन वाजले की ‘इथे आलो’, ‘इथे पण आलो’ आणि ‘आला रे आला’ सुरू होतं. यातलं एखादं कुठे पडेल ते सांगता येत नाही. समजा एक फंक्शन आजच्या तारखेचं फोल्डरचं नाव छापून देतं आणि बाहेरची ओळ ते छापलेलं पकडून व्हेरिएबलमध्ये घेते. शेलच्या फंक्शनला मजकूर परत द्यायचा तर नेहमीचा मार्ग हाच. त्या फंक्शनमध्ये ‘आला रे आला’ पडलं, तर ते स्क्रीनवर दिसतच नाही. तेही फोल्डरच्या नावात जाऊन बसतं. पुढच्या ओळीत अवतरणचिन्हं न देता फोल्डर बनवलं, की ‘आला’ नावाचं एक फोल्डर तयार होतं, ‘रे’ नावाचं दुसरं, आणि मग एरर येते की ‘आला’ आधीच अस्तित्वात आहे. त्यानंतर तारखेचं फोल्डर निमूट तयार होतं. तपासाचे एको एररच्या वाटेने, म्हणजे स्टँडर्ड एररवर, पाठवले तर हे टळतं. दोन वाजता ते सुचत नाही एवढंच.

काही बग ऋतुमानाप्रमाणे येतात. मागच्या महिन्याचा अहवाल काढणारी एक साधी स्क्रिप्ट घ्या. ती डेट कमांडकडून चालू महिना घेते आणि त्यातून एक वजा करते. फेब्रुवारीत चालते, मेमध्ये चालते, जुलैत चालते. ऑगस्ट उजाडला की मरते. सप्टेंबरभर मेलेलीच असते. ऑक्टोबरमध्ये आपोआप बरी होते. कारण असं, की डेट महिना दोन अंकी देतं आणि शेलच्या गणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा मानला जातो. अष्टमानात 01 ते 07 नेहमीसारखेच असतात, पण 8 आणि 9 हे अंकच नाहीत. त्यामुळे 08 पाहून बॅश म्हणतं, ही किंमत या पायाला झेपत नाही. ऑक्टोबरचा 10 शून्याने सुरू होत नाही, म्हणून तो सुटतो. महाराष्ट्रातल्या ऑफिसात याला वेगळंच वळण लागतं. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे गणपतीचे दिवस, अर्धी टीम कोकणात. तक्रारीचं तिकीट कोणी हातात घेईपर्यंत ऑक्टोबर लागतो, स्क्रिप्ट ठणठणीत चालते, आणि ‘पुन्हा घडवून दाखवता आलं नाही’ असा शेरा मारून तिकीट बंद होतं. आकड्याच्या आधी 10 आणि हॅशचं चिन्ह लावलं, तर शेल तो दशमानातला मानतं. पण त्यासाठी बग समोर असताना माणूस जागेवर हवा.

अष्टमानाने शेलच्या व्याकरणातही पूर्वी एकदा पाय आडवा घातला होता. बॅशचा पूर्वज असलेल्या बॉर्न शेलचे कर्ते स्टीफन बॉर्न यांनी त्याआधी अल्गॉल 68 या भाषेचा कंपायलर केला होता आणि तिच्या प्रेमात ते आकंठ होते. अल्गॉलप्रमाणे त्यांनी ‘इफ’ बंद करायला उलटं ‘फि’ ठेवलं, ‘केस’ बंद करायला ‘इसॅक’. त्याच चालीने ‘डू’ बंद करायला ‘ओडी’ यायला हवं होतं. पण ओडी नावाची कमांड युनिक्समध्ये आधीपासून होती, फाइलमधले आकडे अष्टमानात दाखवणारी. म्हणून ‘डन’ आलं. 1979मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर हे शेल बाहेर पडलं. बॉर्न यांनी ते लिहिलं होतं सी भाषेत, पण मॅक्रो वापरून असं, की ती सी वाटूच नये. दुर्बोध सी लिहिण्याची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1984पासून भरते, तिला ज्या कोडवरून प्रेरणा मिळाली त्यांत हा एक होता.

मराठी माणसाच्या वाट्याला एक खास बग राखून ठेवलेला आहे. व्हेरिएबलमध्ये ‘मराठी’ हा शब्द ठेवा आणि त्याची लांबी विचारा. टर्मिनलवर बॅश 5 सांगतं, कारण काना आणि वेलांटी ते वेगळी मोजतं. तीच स्क्रिप्ट, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमधून रात्री चालवली आणि तिथे भाषेचं व्हेरिएबल, म्हणजे लँग, पोचलेलं नसलं तर उत्तर येतं 15, कारण आता ते बाइट मोजतंय. दुसरीतलं पोर 3 सांगेल. क्रॉनच्या हाती घरचं फारसं काही लागत नाही. पाथ तुटपुंजा, भाषा बहुधा नाही, आणि माणसाने स्वतःच्या शेलमध्ये हौसेने सजवलेलं तर काहीच नाही. दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट धावते आणि रात्री तीच फसते, यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

वारशाने मिळालेल्या व्हेरिएबलांवर आंधळा विश्वास ठेवला तर काय होतं, हे सप्टेंबर 2014मध्ये साऱ्या इंटरनेटला कळलं. बॅशमध्ये फंक्शनही पोराकडे सोपवता येतं. ते पाठवण्याची युक्ती अशी होती, की फंक्शनचा मजकूर साध्या व्हेरिएबलमध्ये भरायचा. पोर जन्मताच वारशातली सगळी व्हेरिएबलं चाळायचं, आणि ज्याचा मजकूर फंक्शनसारखा सुरू होतो त्याला फंक्शन मानायचं. चूक अशी, की फंक्शन संपल्यावरही वाचणं थांबत नसे. पुढे जे लिहिलेलं असेल ते सरळ चालवलं जाई. आता काही वेबसर्व्हर पाहुण्याच्या ब्राउझरने सांगितलेलं नावगाव व्हेरिएबलमध्ये घालून पुढच्या प्रोग्रॅमला देतात. ब्राउझरने नावाच्या जागी असा मजकूर पाठवला आणि वाटेत कुठे बॅश लागलं, की अनोळखी माणसाची कमांड सर्व्हरवर चालली. स्तेफान शाझेला यांनी हे शोधून काढलं, 24 सप्टेंबरला ते जाहीर झालं आणि शेलशॉक हे नाव पडलं. पुढच्या काही दिवसांत त्याच भागात आणखी भोकं सापडली आणि ठिगळावर ठिगळ लागलं. मूळ चूक 1989पासूनची होती. ब्रायन फॉक्स यांनी ज्या वर्षी बॅश जगापुढे आणलं ते हेच वर्ष. 25 वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि शेल, नेहमीप्रमाणे, काही बोललं नव्हतं.

ज्यांच्या पोटापाण्याशी शेल बांधलेलं आहे त्यांच्यासाठी शेलचेक नावाचा एक मोफत तपासनीस आहे. स्क्रिप्ट न चालवता तो ती वाचतो आणि वर आलेल्या बऱ्याचशा गोष्टींवर बोट ठेवतो. हे व्हेरिएबल सबशेलमध्ये बदललंय, बाहेर दिसणार नाही. इथे अवतरणचिन्हं द्यायची राहिलीत. लोकल आणि किंमत वेगळ्या ओळींवर लिहा. हे रिकामं असेल तर मुळापासून पुसलं जाईल. तो लिहिलेला आहे हॅस्केल या भाषेत. शेलमध्ये लिहायचं धाडस त्याच्या कर्त्यानेही केलं नाही. आपली स्क्रिप्ट त्याच्यापुढे पहिल्यांदा ठेवणाऱ्याने मन घट्ट करून ठेवावी.

मानकवाल्यांनीही अगदीच कानाडोळा केलेला नाही. पाइपमधल्या कुठल्याही टप्प्यात बिघाड झाला तर कळवणाऱ्या ‘पाइपफेल’ला पॉझिक्सच्या 2024च्या आवृत्तीत जागा मिळाली. ‘लोकल’ला मात्र अजून मिळालेली नाही. तेव्हा तोवर फंक्शनमधल्या ‘आय’ला निदान एखादं आडनाव तरी जोडत चला.